एरियान ५०१: सोळा बिटांत न मावलेला वेग

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून एरियान-५ रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं, क्रमांक ५०१. ते सुमारे चाळीस सेकंदांत संपलं. रॉकेटवर पृथ्वीच्या चुंबकीय आवरणाचा अभ्यास करणारे चार क्लस्टर उपग्रह होते. साधारण ३,७०० मीटर उंचीवर रॉकेट अचानक वाट सोडून कलंडलं, तुटलं आणि फुटलं. इंजिन ठीक होतं, बूस्टर ठीक होते, हवामानही आड आलं नव्हतं. ६४ बिटांचा फ्लोटिंग पॉइंट (दशांश चालणारा) अंक १६ बिटांच्या चिन्हांकित इंटिजरमध्ये (ऋण-धन पूर्णांकात) भरायचा होता आणि तो मावला नाही, एवढीच बिघाडाची सुरुवात.

ही गोष्ट वर्गात सांगतात ती बहुधा इथेच थांबते: ओव्हरफ्लो झाला, रॉकेट पडलं. हे अर्धंच खरं आहे. जो अंक मावला नाही त्याची उड्डाणात कुणाला गरजच नव्हती. रॉकेट पडलं ते ओव्हरफ्लोवर यंत्रणेने केलेल्या इलाजामुळे. जुनं गृहीतक नव्या रॉकेटला लागू पडतं का, हे कुठल्याच कागदावर तपासलं गेलं नाही, म्हणून तो इलाज करायची वेळ आली. झाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाने १९ जुलै १९९६ रोजी, म्हणजे दीड महिन्यात, अहवाल दिला. सॉफ्टवेअरच्या अपघाताचा इतका नेमका अहवाल क्वचितच हाती लागतो, म्हणून हे प्रकरण ओळीओळीने पाहण्यासारखं आहे.

मापटं केवढं आणि भरलं काय

१६ बिटांत ६५,५३६ वेगवेगळ्या नोंदी होतात. चिन्हांकित इंटिजरमध्ये त्यातल्या निम्म्या ऋण संख्यांकडे जातात, म्हणून हद्द −३२,७६८ ते ३२,७६७ अशी पडते. ३२,७६७ म्हणजे आधी एक शून्य आणि पुढे पंधरा एक. त्यात आणखी एक मिळवला की आधी एक आणि पुढे पंधरा शून्यं होतात, आणि ही नोंद −३२,७६८ अशी वाचली जाते. ४०,००० हा अंक या १६ बिटांत कोंबला तर त्याचा सगळ्यात वरचा बिट ऋण चिन्ह म्हणून वाचला जातो आणि ४०,००० वजा ६५,५३६ म्हणजे −२५,५३६ हाती येतं. दूध उतू गेलं तर निदान वास येतो. इथे तोही येत नाही.

५०१ च्या बाबतीत मात्र असं गुपचूप काही घडलं नाही. कोड एडा भाषेत होता आणि हद्द ओलांडताच एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याचा इशारा, उठलं. म्हणजे चूक घडली त्याच क्षणी पकडली गेली. पकडण्यात काही कमी पडलं नाही, हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं.

दुसरी गोष्ट शब्दांची. इथे कुठली बेरीज किंवा गुणाकार हद्दीबाहेर गेला नाही. ६४ बिटांत तो अंक अगदी बरोबर होता. तो घोटाळला रूपांतराच्या ओळीवर, मोठ्या भांड्यातून छोट्या भांड्यात ओतताना. हा काथ्याकूट नाही. ओव्हरफ्लो शोधायला बसलेला माणूस कोडमधल्या बेरजा आणि गुणाकार धुंडाळतो, आणि टाइप बदलणाऱ्या निरुपद्रवी ओळी डोळ्यांखालून निसटतात.

दोन जुळ्या पेट्या

रॉकेट कुठे झुकलंय आणि किती वेगाने चाललंय हे सांगणाऱ्या पेटीला अहवालात एसआरआय म्हटलं आहे. तिच्यात लेझर जायरोस्कोप, प्रवेगमापक आणि स्वतःचा कॉम्प्युटर असतो. तिने काढलेले कोन आणि वेग डेटाबसवरून (माहिती वाहणाऱ्या सामायिक तारेवरून) मुख्य कॉम्प्युटरकडे जातात. त्यांच्या आधारे मुख्य कॉम्प्युटर दोन घन इंधन बूस्टरांचे आणि मुख्य व्हल्कॅन इंजिनाचे नॉझल वळवतो.

अशा दोन पेट्या होत्या. एक काम करत होती, दुसरी चालू स्थितीत राखीव होती. पहिलीने माघार घेतली की मुख्य कॉम्प्युटरने दुसरीकडे वळायचं, अशी रचना होती. मात्र दोघींचं हार्डवेअर एकच आणि सॉफ्टवेअरही एकच. हे सॉफ्टवेअर जवळपास जसंच्या तसं एरियान-४ वरून आलेलं होतं. तिथे ते चांगलं चाललं होतं, आणि चालतंय त्याला हात लावू नये हा अभियांत्रिकीतला जुना आणि एरवी शहाणा नियम आहे.

जमिनीवरचं काम हवेत

रॉकेट उडण्याआधी या पेटीला आपली उभी आणि आडवी दिशा जमिनीशी जुळवून घ्यावी लागते. याला अलाइनमेंट म्हणतात. रॉकेटने जमीन सोडली की या कामाला अर्थ उरत नाही. तरीही उड्डाणानंतर ते चालूच राहिलं. असं का, याचं उत्तर एरियान-४ मध्ये आहे.

एरियान-४ मध्ये उलटी गणती संपायला ९ सेकंद उरले की पेटी उड्डाण-स्थितीत जायची. त्यानंतर, पण ५ सेकंद उरण्याआधी, गणती थांबवावी लागली तर पंचाईत होती. अलाइनमेंट बंद झालेलं असतं तर ते पुन्हा करायला ४५ मिनिटं किंवा जास्त लागायची, आणि तेवढ्यात प्रक्षेपणाची वेळ टळून जायची. म्हणून उड्डाण-स्थिती सुरू झाल्यावर ५० सेकंद अलाइनमेंट चालू ठेवायचं असं ठरलं. गणती थांबली तर जमिनीवरच्या यंत्रणेला पुन्हा पूर्ण ताबा घ्यायला तेवढा वेळ लागत असे. १९८९ मध्ये ३३ व्या उड्डाणात ही सोय एकदा उपयोगीही पडली.

एरियान-५ ची तयारी वेगळ्या क्रमाने होत होती. तिथे उड्डाण-स्थिती शून्याच्या ३ सेकंद आधी सुरू व्हायची आणि या सोयीची गरज नव्हती. पण सॉफ्टवेअरबरोबर ५० सेकंदांचा तो आकडाही आला. शून्याआधी ३ सेकंदांपासून ५० सेकंद मोजले की शून्यानंतर ४७ वा सेकंद येतो. मुख्य इंजिन शून्याला पेटतं, पण बूस्टर पेटून रॉकेट जमीन सोडतं ते साधारण सातव्या सेकंदाला. म्हणजे जमिनीवरचं हे काम प्रत्यक्ष उड्डाणात सुमारे ४० सेकंद चालणार होतं. बिघाड झाला ३६.७ व्या सेकंदाला. आणखी दहा सेकंदांनी हे मॉड्यूल आपोआप बंद पडणारच होतं.

सात चल, चौघांना चिलखत

अलाइनमेंट किती अचूक आहे हे दाखवणारा एक चल (व्हेरिएबल) होता, क्षैतिज बायस. पेटीला जाणवणाऱ्या आडव्या वेगाशी तो बांधलेला होता. एरियान-४ सुरुवातीला बरंचसं सरळ वर जायचं. एरियान-५ चा सुरुवातीचा प्रवेग जास्त आणि मार्गही वेगळा, त्यामुळे आडवा वेग पाचपट भराभर वाढत होता. मग क्षैतिज बायसही एरियान-४ मध्ये कधी गेला नव्हता तिथे पोचला.

रूपांतरात असा धोका असलेले चल विकासाच्या काळातच शोधून काढले होते. ते सात निघाले. चौघांना संरक्षण दिलं, तिघांना दिलं नाही. क्षैतिज बायस त्या तिघांतला. हा विसराळूपणा नव्हता, विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. पेटीच्या कॉम्प्युटरवर जास्तीत जास्त ८० टक्के भार टाकायचा अशी मर्यादा घातली होती. प्रत्येक संरक्षणाला वेळ लागतो, आणि या पेटीचं मूळ चक्र एका मिलिसेकंदाचं होतं. संरक्षण म्हणजे काही मोठं प्रकरण नसतं: अंक ३२,७६७ हून मोठा असेल तर ३२,७६७ लिहायचं, −३२,७६८ हून लहान असेल तर −३२,७६८ लिहायचं, नाहीतर रूपांतर करायचं. दोन तुलना. पण मिलिसेकंदात सगळं बसवायचं असलं की दोन तुलनांचाही हिशेब होतो.

उरलेल्या तिघांबद्दल युक्तिवाद असा होता की त्यांची मूल्यं भौतिक कारणांनीच मर्यादित आहेत किंवा हद्दीपासून भरपूर लांब आहेत. नव्या रॉकेटवर, निदान क्षैतिज बायसपुरता, हा युक्तिवाद कोसळला. एरियान-५ च्या मार्गाचे आकडे घालून हे तिघं तपासल्याचा पुरावा मंडळाला मिळाला नाही. उलट ते आकडे पेटीच्या विनिर्देशात (ती कशी असावी हे सांगणाऱ्या दस्तऐवजात) घालायचे नाहीत, यावर संबंधितांचं एकमत झालं होतं. आणि या ओळींना संरक्षण का दिलेलं नाही याचा उल्लेख कोडमध्ये कुठेच नव्हता. संरक्षण न देण्याचा निर्णय कंत्राटाच्या अनेक पातळ्यांवर मिळून झाला होता, पण ती ओळ वाचणाऱ्याला त्याचा पत्ताच लागणार नव्हता. या प्रकरणातली सगळ्यात महाग गोष्ट कोणती असं विचारलं तर ती न लिहिलेली टिप्पणी असं म्हणावं लागेल.

३६.७ वा सेकंद

एक्सेप्शन उठलं की काय करायचं हे विनिर्देशात स्पष्ट होतं: बिघाड झाल्याचं डेटाबसवर कळवायचं, त्या क्षणाची परिस्थिती कायमस्वरूपी मेमरीत लिहून ठेवायची आणि प्रोसेसर बंद करायचा. त्यामागे विचार होता. बिघाड म्हणजे हार्डवेअरचा अचानक उद्भवणारा दोष, असं धरलेलं होतं. एका पेटीतला भाग जळाला तर दुसरीतला त्याच क्षणी जळण्याची शक्यता नगण्य, म्हणून आजारी पेटीने गप्प बसावं आणि निरोगीने काम घ्यावं. सॉफ्टवेअरचा दोष असा वागत नाही. तो दोन्ही प्रतींत तंतोतंत सारखा असतो, आणि सारखंच इनपुट मिळालं की एकाच वेळी उफाळतो. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी या जुळ्यांची गत होती.

आधी राखीव पेटी बंद पडली. साधारण ०.०५ सेकंदाने काम करणारी पेटी त्याच कारणाने बंद पडली. मुख्य कॉम्प्युटरने राखीव पेटीकडे पाहिलं, पण ती ७२ मिलिसेकंदांच्या आदल्याच चक्रात गेलेली होती.

पुढची पायरी बारकाईने पाहावी अशी आहे. बंद पडता पडता काम करणाऱ्या पेटीने बसवर निदानाची माहिती पाठवली. ते बिट काय बिघडलं हे सांगणारे होते. मुख्य कॉम्प्युटरने ते रॉकेटच्या झुकावाचे आकडे म्हणून वाचले. त्या आकड्यांप्रमाणे रॉकेट भलतीकडेच झुकलं होतं. तो झुकाव सरळ करायला त्याने बूस्टरांचे आणि मुख्य इंजिनाचे नॉझल टोकापर्यंत वळवले. प्रत्यक्षात रॉकेट अगदी सरळ चाललं होतं. या दुरुस्तीने ते हवेच्या प्रवाहाला वीस अंशांहून जास्त तिरपं झालं. ३९ व्या सेकंदाच्या सुमारास हवेच्या दाबाने बूस्टर मुख्य भागापासून सुटू लागले आणि स्वयंनाश यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालली. ती यंत्रणा आपलं काम नीट करत होती, हेही नोंदवायला हवं.

आता एक उलटा प्रयोग मनात करून पाहा. एडाने एक्सेप्शन न उठवता अंक गुपचूप गुंडाळला असता, तर क्षैतिज बायस हास्यास्पद झाला असता. पण दिशा ठरवायला तो कुणी वापरत नव्हतं, त्यामुळे रॉकेट बहुधा पुढे गेलं असतं. यावरून गुपचूप गुंडाळणं चांगलं, असा अर्थ मात्र काढू नये. तोच चल सुकाणूला जोडलेला असता तर −२५,५३६ सारखा अंक निमूटपणे आत शिरला असता आणि नंतर कारणही सापडलं नसतं. पकडणं बरोबरच होतं. पकडल्यावर सगळी पेटी बंद करणं, म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर झाला.

ढिगारा आणि खोटा माग

प्रक्षेपण तळाच्या पूर्वेला साधारण १२ चौरस किलोमीटर परिसरात तुकडे पसरले होते. त्यातून दोन्ही पेट्या मिळाल्या. बंद पडण्याआधी कायमस्वरूपी मेमरीत लिहून ठेवलेली परिस्थिती वाचता आली, म्हणजे त्या विनिर्देशाचा हा एक भाग तरी कामी आला. दरम्यान एक वेगळाच धागाही हाती लागला होता: २२ व्या सेकंदापासून मुख्य इंजिनाच्या नॉझलच्या हायड्रॉलिक दाबात सेकंदाला सुमारे दहा वेळा चढउतार होत होते. पाहणाऱ्याची नजर आधी तिकडेच जाईल असा हा प्रकार, पण मंडळाने तो अपघाताशी असंबंधित ठरवला. मग पेटीचं सॉफ्टवेअर जमिनीवर चालवून त्याला ५०१ च्या प्रत्यक्ष मार्गाचे आकडे दिले. बिघाडाची साखळी हुबेहूब पुन्हा घडली.

जे उड्डाणानंतर जमिनीवर दिसलं ते आधी का दिसलं नाही? एकत्रित चाचणीच्या प्रयोगशाळेत एरियान-५ च्या मार्गाच्या अनेक फेऱ्या झाल्या होत्या, पण त्यात खऱ्या पेटीच्या जागी तिचं सॉफ्टवेअर प्रतिरूप होतं. त्यामागे कारणं होती. पेटी स्वतःच्या पातळीवर आधीच पात्र ठरलेली आहे असं मानलं गेलं. तिला लागतील इतके अचूक संकेत प्रयोगशाळेतल्या इलेक्ट्रॉनिक्सला बनवता येत नव्हते. पेटीचं चक्र एक मिलिसेकंदाचं आणि प्रयोगशाळेचं सहा मिलिसेकंदांचं होतं. खऱ्या पेटीवर बिघाड घडवून पाहणंही शक्य नव्हतं. एकेक कारण पटण्यासारखं आहे. पण मार्गाचे आकडे पेटीच्या विनिर्देशातही नव्हते आणि एकत्रित चाचणीत खरी पेटीही नव्हती, त्यामुळे नवा वेग आणि जुना कोड यांची गाठ पहिल्यांदा पडली ती थेट आकाशात. प्रवेगमापकांचे संकेत कृत्रिमरीत्या देऊन आणि पेटी फिरत्या टेबलावर ठेवून ही चाचणी जमिनीवर करता आली असती, आणि त्यात बिघाड उघडा पडला असता, असं मंडळाचं मत आहे.

काय बदललं

मंडळाची पहिली शिफारस सरळ होती: रॉकेट उडताच अलाइनमेंट बंद करा, आणि उड्डाणात गरज नसलेलं कुठलंही सॉफ्टवेअर उड्डाणात चालू ठेवू नका. तिसरी शिफारस मला सगळ्यात मोलाची वाटते. कुठल्याही संवेदक यंत्रणेने डेटा पाठवणं थांबवू नये, आपल्याकडे असलेलं उत्तमात उत्तम उत्तर देत राहावं. नुसतं पहिल्या शिफारशीवर थांबलं असतं तर एक ओळ दुरुस्त झाली असती आणि बंद पडण्याचं धोरण पुढच्या ओव्हरफ्लोची वाट पाहत बसलं असतं. खरी उपकरणं चाचणीत घ्या, मार्गाचे आकडे विनिर्देशात घ्या, कोडमधली न बोललेली गृहीतकं आणि चलांच्या हद्दी शोधून काढा, हेही सांगितलं होतं. क्लस्टरचे चार उपग्रह पुन्हा बांधले गेले आणि २००० साली बायकोनूरहून सोयूझ रॉकेटांवर गेले.

तुमच्या कोडमधला क्षैतिज बायस

आज कुणी सोळा बिट वाचवत बसत नाही, असं वाटेल. पण सेन्सरचे संदेश, फाइल फॉरमॅट, जुने प्रोटोकॉल आणि ऑडिओ यांत १६ बिट अजून नांदतात, आणि मोठ्यातून छोट्यात ओतणं रोज चालतं. त्यातून प्रत्येक भाषेचा खाक्या वेगळा. जावामध्ये ४०,०००.० हा डबल (६४ बिटांचा फ्लोट) शॉर्टमध्ये (१६ बिटांच्या इंटिजरमध्ये) टाकला तर आधी तो इंट (३२ बिटांचा इंटिजर) होतो आणि मग खालचे १६ बिट घेतले जातात, म्हणून −२५,५३६ मिळतं. तोच डबल दहा अब्ज असेल आणि इंटमध्ये टाकला, तर जावा २,१४७,४८३,६४७ वर अडकवते. एकाच भाषेत दोन रिती. रस्टमध्ये १.४५ आवृत्तीपासून फ्लोटचं असं रूपांतर हद्दीवर थांबतं. सी मध्ये हद्दीबाहेरच्या फ्लोटचं रूपांतर अपरिभाषित आहे, म्हणजे काय व्हावं हे भाषा ठरवत नाही. त्यामुळे दहा अब्ज ३२ बिटांत टाकले तर इंटेलच्या चिपवर सहसा सगळ्यात लहान ऋण संख्या मिळते आणि ६४ बिटांच्या आर्म चिपवर सगळ्यात मोठी धन. लॅपटॉपवर पास झालेली चाचणी बोर्डवर वेगळं उत्तर देते, त्याचं एक कारण हे.

शोधताना पहिलं काम: जीसीसी किंवा क्लँग या सी कंपायलरांमध्ये डब्ल्यू-कन्व्हर्जन हा इशारा चालू करा. जुन्या कोडवर तो शेकडो ओळी ओकेल, पण तीच यादी हवी आहे. उघड कास्ट (टाइप मुद्दाम बदलणं) असलेल्या ओळींवर मात्र तो गप्प राहतो, त्या वेगळ्या शोधाव्या लागतात. चालत्या प्रोग्रामसाठी अपरिभाषित वर्तन पकडणारा सॅनिटायझर वापरत असाल तर एक मेख आहे. फ्लोट-कास्ट-ओव्हरफ्लो ही तपासणी त्या सामायिक पर्यायात येत नाही, ती नाव घेऊन वेगळी चालू करावी लागते. न केल्यास नेमकी ५०१ ची जात सुटते.

हद्द तपासायची ती रूपांतराआधी, मोठ्या टाइपमध्ये. नंतर तपासून उपयोग नाही, तोवर पुरावा गेलेला असतो. नॅन, म्हणजे संख्या नसलेली फ्लोट, दोन्ही तुलनांना नाही म्हणते आणि वर सांगितलेल्या दोन तुलनांच्या संरक्षणातून खुशाल पार होते, म्हणून तिची तपासणी सगळ्यात आधी हवी. ६४ बिटांच्या इंटिजरची वरची हद्द डबलमध्ये नेमकी मावत नाही. ती एकाने वाढून दोनाचा ६३ वा घात होते. त्यामुळे ‘हद्दीपेक्षा लहान किंवा समान’ अशी तुलना हद्दीबाहेरचा तो एक अंक आत सोडते. तिथे ‘दोनाच्या ६३ व्या घाताहून लहान’ असंच लिहावं.

आणि जिथे तपासणी मुद्दाम घालत नाही, तिथे ओळीच्या डोक्यावर चार गोष्टी लिहाव्यात: चल कोणता, त्याचं अपेक्षित कमाल मूल्य किती, ते कुठल्या आकड्यांवरून काढलं आणि कशात बदल झाला तर ते पुन्हा काढायचं. क्षैतिज बायसच्या ओळीवर हे असतं, तर चौथ्या जागी ‘प्रक्षेपणाचा मार्ग’ असे दोन शब्द आले असते.